जूनीची दुपार

४ फेब्रुवारी

आज ऑड्राने माझ्या टेबलावर पहिली तक्रार आणून ठेवली. ऑड्रा माझी वरिष्ठ. खात्यात इतकी वर्षं काढली आहेत तिने की कुठल्याच शाळेचं तिला नवल वाटत नाही. "घे, लव्हॉन. लहान गाव आहे, सुरुवातीला बरं," म्हणाली. दारापर्यंत गेली आणि वळली. "लहान गावातलं भांडण लहान नसतं म्हणा. पण ते कळेलच तुला."

संध्याकाळी आईला फोन. तिला माझी नवी नोकरी अजून उमगलेली नाही. हुद्दाच तसा आहे, 'विशेष शिक्षण अनुपालन तज्ज्ञ'. एका दमात म्हणताना मीच अडखळते. पुन्हा समजावलं, "आई, ज्या मुलांना शिकायला जास्तीची मदत लागते, त्यांना कायद्याने ती मदत देऊ केली आहे. शाळा ती खरंच देतात का, ते राज्यातर्फे मी बघायचं."

"म्हणजे तू शाळांना पकडतेस."

"तपासते."

"तेच ते. शिकवत होतीस तेव्हा लोक नाताळाला केक पाठवायचे. आता कोण पाठवणार?"

हसले, पण ती बोलली ते खरंच आहे. वर्गावर असताना राज्याच्या तपासनीस बाई येणार म्हटलं की मी कपाटं आवरायला घ्यायची, आणि पोटात गोळा यायचा. आता तो गोळा मी दुसऱ्यांच्या पोटात आणणार. जमेल का, कोण जाणे. समोरचं माणूस गोड बोललं की मी विरघळते, हा माझा जुना आजार.

तक्रार अशी. हार्लो बेंड नावाचं गाव. जूनी, वय नऊ, डाऊन सिंड्रोम. शाळा तिला रोज जेवण झालं की घरी पाठवते. बाकीची मुलं साडेतीनपर्यंत असतात. दीड वर्ष असंच चाललंय. तक्रारीवर आईची, क्रिस्टाची, सही.


११ फेब्रुवारी

हार्लो बेंडला जाऊन आले. लिंकनच्या ऑफिसातून निघाल्यावर वारा गाडी सारखी रस्त्याच्या कडेला ढकलत होता. दोन्ही हातांनी चाक धरून बसले होते.

मुख्याध्यापक ड्वाइट लिंडग्रेन. उंच, लालबुंद, हसरा माणूस. मी पोचले तर जेवणाची वेळ, आणि नेमका आज खिमा-राजम्याची चिली आणि दालचिनीचा रोल. माझे पैसे मीच भरले, नियम आहे तो, पण रोल असा होता की नियमांचा विसर पडावा.

"जूनीचं म्हणाल," लिंडग्रेन म्हणाले, "तर अर्धा दिवस तिच्याच भल्याचा आहे हो. दमते ती. दुपारी जमिनीवर आडवी व्हायची ती उठायचीच नाही. आईशी बोलून ठरवलंय. तिने सही केली आहे."

मी विचारलं, "त्या वेळी तिच्यासोबत कोण असायचं?"

"होती एक मदतनीस. सोडून गेली. जाहिरात दिलेली आहे. पण या गावात कोण येतं? चला, तुम्हाला आमची नवी व्यायामशाळा दाखवतो."

व्यायामशाळा सुरेख आहे. मग ग्रंथालय दाखवलं, मग एकोणीसशे काहीतरी सालचे शाळेच्या खेळाच्या संघाचे फोटो, त्यात ते स्वतः केसांसकट. दुपारच्या वर्गात बसायचं राहूनच गेलं. माणूस मोठा अगत्यशील.

जूनीला मात्र पाहिलं. जेवण झाल्यावर सगळी मुलं रांगेने संगीताच्या वर्गाकडे गेली, आणि ही कोट चढवून, पाठीवर दप्तर घेऊन दाराजवळ बसली. टोपी डोळ्यांवर आलेली. संगीताच्या वर्गाचं दार बंद होईपर्यंत तिकडे बघत होती. मी शेजारी बसून नाव सांगितलं. तिने माझा हात धरून गंभीरपणे हलवला आणि पुन्हा दाराकडे बघू लागली. बोलली काही नाही. शाळेने तिच्यासाठी केलेल्या शिक्षणाच्या आराखड्यात लिहिलं आहे की वाक्यात बोलत नाही, दहापर्यंत अंक ओळखते.

न्यायला तिचे आजोबा आले, क्रिस्टाचे वडील. जुनी निळी पिकअप, निम्मी फुटपाथवर चढवलेली. गावाकडे जागेला तोटा नसतो, कोण बघतंय.

ऑड्राला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुला व्यायामशाळा दाखवली का?"

"हो. तुला कसं कळलं?"

नुसतीच हसत राहिली.


१२ फेब्रुवारी

गावातल्या मोटेलमध्ये राहिले होते. सकाळी क्रिस्टाच्या घरी गेले. वृद्धाश्रमात काम करते, कामाची पाळी सुरू व्हायच्या आधीचा वेळ तिने मला दिला होता. चेहरा थकलेला, पण घर लख्ख. नवरा कधीच निघून गेला. आजोबा, एल्डन, शेजारच्या खोलीत राहतात.

"सही केली होती मी," क्रिस्टा म्हणाली. "मुख्याध्यापक म्हणाले, मदतनीस मिळेपर्यंत थोडे दिवस. बाबा घरी होतेच. मी म्हटलं, चालेल. थोडे दिवस म्हणजे किती, हे विचारायला हवं होतं मी."

"मग आत्ताच तक्रार का केलीत?"

"मी कुठली करते? उद्या त्याच शाळेत तोंड दाखवायचंय. बाबांनी लावली मला करायला. महिनाभर रोज सकाळी तेच. केलीस का, केलीस का."

एवढ्यात एल्डन आले. बुटके, रुंद, जन्मभर गुरं पाळलेल्या माणसाचे हात. कॉफीचा कप ठेवण्याआधी टेबलावरची जागा हाताने नीट चाचपून घेतली, मगच ठेवला. किती व्यवस्थित माणूस.

"तुम्हीच का त्या सरकारबाई?" म्हणाले. "किती वेळ लागतो तुम्हाला एका पोरीचं ठरवायला?"

"मार्चअखेरपर्यंत निकाल देते मी."

"मार्चअखेर." खिडकीकडे तोंड वळवलं. "लवकर नाही का होत?"

"बाबा, त्यांना त्यांचं काम करू द्या," क्रिस्टा म्हणाली.

मी विचारलं, दुपारी जूनी तुमच्याकडे असते, त्रास होतो का? तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मी शिवीच दिली. "बाई, माझ्या अख्ख्या आयुष्यात या दीड वर्षातल्या दुपारींइतकं चांगलं काही घडलेलं नाही."

मग तक्रार कशाला करायला लावली? विचारलं, तर म्हणाले, "चांगलं आहे माझ्यासाठी. शाळेत जायचंय तिला." आणि गुरुवारी गुरांच्या लिलावाला या म्हणाले. "ती दुपारी काय करते ते बघायचंय ना तुम्हाला? मग खुर्चीत बसून काय दिसणार?"


२० फेब्रुवारी

ऑड्राची परवानगी घेऊन गेले. ("मूल दुपारी जिथे असतं तिथे बघणं हे कामच आहे," ती म्हणाली. "फक्त तिथे नाक खाजवू नकोस, बोली समजतील आणि गाय विकत घेऊन येशील.")

पिकअपमध्ये जूनी आमच्या दोघांच्या मध्ये. काय सांगू, शाळेत मुकी बसणारी ही मुलगी गाडीत बसल्याबरोबर बोलायला लागली. "थांब," चौकातल्या पाटीपाशी. एल्डन थांबले. "चल." निघाले. "ट्रक. मोठा." एल्डननी गाडी कडेला घेतली आणि ट्रक गेला. "कुत्रा. गेला." सबंध रस्ताभर हेच. आजोबा विचारायचे, "पुढे काय, जून?" आणि ती सांगायची. गाडी तर अशी हळू, सायकलने गाठावी. मला तो खेळ इतका आवडला की मीही मध्येच "कावळा" म्हटलं. जूनीने माझ्याकडे करुणेने बघितलं. कावळा महत्त्वाचा नव्हता.

लिलावघरात पायऱ्यापायऱ्यांची बाकं, खाली भुसा पसरलेलं रिंगण, शेणाचा आणि कॉफीचा एकत्र वास. एका दारातून गुरं आत येतात, दुसऱ्यातून जातात. वर दिव्यांच्या पाटीवर किती जनावरं आणि सरासरी वजन किती पौंड ते उमटतं. एल्डन आता गुरं घेत नाहीत, पण गुरुवार चुकवत नाहीत.

"पाटीवर काय आलं, जून?"

"चौदा. सहाशे बारा."

"रंग?"

"काळी. एक लाल."

मी पाटीकडे बघितलं. चौदा. सहाशे बारा. रिंगणात तेरा काळी आणि एक लाल. दहापर्यंत अंक ओळखणाऱ्या मुलीने असं एकदा नाही, दुपारभर वाचलं. चुकली की एल्डन म्हणायचे, "सहाशे? एवढीशी वासरं? परत बघ," आणि ती परत बघून सुधारायची. म्हणजे कान तर बघा म्हाताऱ्याचे, खुरांच्या आवाजावरून वजन ताडतो. आणि स्वतःला पाटी समोर दिसत असूनही मुद्दाम तिला विचारायचं, जसं काही तिच्यावाचून अडलंय. इतकी वर्षं शिकवून मला ही युक्ती सुचली नाही. लिहून ठेवली आहे, पुढे कुठल्यातरी प्रशिक्षणात सांगेन.

आणि शेवटी, लिलाव पुकारणारा सूर धरून म्हणत होता, तेव्हा माझ्या शेजारून अगदी बारीक आवाजात तेच यायला लागलं. "सव्वा सव्वा सव्वा, आता दीड, दीड देता का, दीड देता का दीड." डोळे मिटून, मांडीवर ताल धरून. पुकारणाऱ्याने मंचावरून तिला टोपी हलवून दाखवली. तिनेही हलवली.

परत येताना गाडीत झोपली. एल्डन अचानक घाईला आले, म्हणाले, "उठ ग जून, घर येऊ दे, मग झोप." पोरीला जरा डुलकी घेऊ दिली असती तर काय झालं असतं? पण तिला उठवलंच, आणि ती डोळे चोळत "थांब, चल" म्हणत राहिली. आजोबा कडक आहेत थोडे.


२८ फेब्रुवारी

तिसरी खेप. लिंडग्रेननी या वेळी तळघरातला नवा बॉयलर दाखवायला काढला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ऑड्रा का हसली तेही कळलं.

म्हटलं, "बॉयलर मागाहून बघते. आधी मला ती जागा दाखवा जिथे जूनी दुपारी आडवी व्हायची."

त्यांचं हसू थोडं आखडलं, पण दाखवली. वर्गाबाहेरचा बोळ. कॉपी काढायचं मशीन, एक टेबल, एक खुर्ची.

तिची विशेष शिक्षिका कायला, शाळेत एवढी एकटीच, सगळ्या इयत्ता तिच्याकडे. मुख्याध्यापक गेल्यावर तिने दार लावलं. "मदतनीस होती तोवर जूनी सगळ्यांबरोबर वर्गात असायची. ती गेली आणि दुपारी मी दुसऱ्या मुलांकडे. मग हिला इथे बसवायचे, एक कागद देऊन. रंगवायचा. दुसऱ्या दिवशी परत तोच कागद."

"आणि ती आडवी व्हायची."

"मीही झाले असते. मी बोलले होते त्यांना. पण मी तेव्हा नवीन, पहिलंच वर्ष होतं माझं." तिचा आवाज कापत होता. "मला त्रास होईल का याचा?"

मी तिला सांगितलं की खरं बोलणाऱ्याच्या पाठीशी कायदा आहे. म्हणताना मला स्वतःला बरं वाटलं. पोटातला गोळा उलट्या बाजूने बघायची ही पहिलीच वेळ.

नियम सरळ आहे. मुलाची गरज असेल तर त्याचा दिवस लहान करता येतो, तोही सगळ्यांनी बसून, विचार करून. शाळेकडे माणूस नाही म्हणून नाही.


५ मार्च

प्लॅट नदीवर क्रौंच पक्षी उतरलेत. आज कामावर जायच्या आधी रेडिओवर त्यांचा कलकलाट ऐकवला, ऐकत बसले आणि उशीर झाला.

दोन दिवस मन थाऱ्यावर नाही. अहवालात काय लिहायचं ते स्पष्ट आहे. पण ते लिहिलं की त्या म्हाताऱ्याच्या दुपारी गेल्या. मुलगी लिलावघरात जेवढं शिकली तेवढं शाळेत शिकली नाही, मग मी तिला तिथून उचलून कुठे टाकते आहे? बोळात?

ऑड्राला सांगितलं. ती सँडविच खात होती, खाणं न थांबवता म्हणाली, "तुझं काम आजोबांना सुखी करणं नाही. मुलीचं काय बुडतंय ते बघ."

"संगीत. विज्ञान. ग्रंथालयाचा तास."

"आणि?"

"आणि साडेतीनला सगळ्यांबरोबर बसकडे पळणं."

"ते लिही," ऑड्रा म्हणाली. "कायद्यात ते शब्द नाहीत, पण लिही. मी खोडणार नाही."

मग म्हणाली, "शाळेने बैठक बोलावली आहे, आराखडा सुधारायला. तूही जा, बघायला. तोंड उघडायचं नाही, ठरवायचा अधिकार त्यांचा आहे. जमेल?"

बहुतेक जमेल.


१२ मार्च

जमलं. पण कसं, ते लिहून काढल्याशिवाय झोप येणार नाही.

बैठक शाळेच्या ग्रंथालयात, लहान मुलांच्या खुर्च्यांवर. लिंडग्रेन, कायला, क्रिस्टा, एल्डन आणि मी. क्रिस्टाने जूनीलाही आणलं होतं. "तिच्याबद्दल आहे ना सगळं, मग तिला ऐकू द्या," म्हणाली. मला ती बाई फार आवडली त्या क्षणी.

लिंडग्रेननी सुरुवात गोडीने केली. कायलाने मात्र कागद खाली ठेवले आणि म्हणाली, "मला जूनी दिवसभर वर्गात हवी आहे." आवाज कापला नाही.

"हवी सगळ्यांनाच आहे," लिंडग्रेन म्हणाले. "पण बघा, दुपारचा अभ्यास जड असतो. ज्या मुलीला दहाच्या पुढे आकडे येत नाहीत, ती विज्ञानाच्या तासाला करणार काय? तिच्यावरच अन्याय."

मी जीभ दाताखाली धरली. सहाशे बारा, सहाशे बारा, मनात घोकत होते.

"येतात तिला," क्रिस्टा म्हणाली. "बाबा सांगतात, ती पाटी वाचते."

"आजोबा प्रेमाने सांगणारच," लिंडग्रेन समजुतीने म्हणाले. त्यांनी मागच्या कॅलेंडरवर बोट ठेवलं. "जूनी, हा आकडा कुठला, बाळा?"

जूनी गप्प. त्यांनी दुसऱ्यावर ठेवलं. गप्प. कायला तिच्याजवळ वाकली. "जूनी, तुला येतं ना? मग सांगत का नाहीस?"

जूनीने लिंडग्रेनकडे बोट केलं. "त्यांना माहितीय."

"हो, पण तुला—"

"त्यांना माहितीय," तिने परत सांगितलं, जरा मोठ्याने, जसं आपण बहिऱ्याला सांगतो. मग एल्डनकडे बोट केलं. "आजोबांना दिसत नाही. मी वाचते."

कायलाने मान वर करून एल्डनकडे पाहिलं.

"काय दिसत नाही ग?" क्रिस्टाने हळू विचारलं.

"पाटी. ट्रक. थांबायची पाटी." बोटांवर मोजत सांगत होती. "कप."

मी त्या गाडीत बसले होते. "कावळा" म्हणाले होते.

क्रिस्टा वडिलांकडे वळली. "बाबा?"

एल्डन आपल्या हातांकडे बघत होते, म्हणजे हातांच्या दिशेने. "झाला लिलाव," म्हणाले. "धुकं असल्यासारखं दिसतं. मागच्या उन्हाळ्यापासून. दर महिन्याला जरा जास्त."

"आणि तुम्ही तिला घेऊन गाडी चालवता?"

"गावातच चालवतो. हळू." मग तेही सोडून दिलं. "चुकलंच ते. मला माहीत होतं. म्हणून तर तुझ्या मागे लागलो होतो तक्रारीसाठी. शाळेने तिला आधी आत घ्यावं, मग मी किल्ली देणार होतो. आधी दिली असती तर तुला काम सोडून दुपारी घरी बसावं लागलं असतं. मग तुम्ही दोघी खाणार काय?"

"दोघी कुठल्या, बाबा. तुम्हाला धरून तिघं." क्रिस्टा रडत होती आणि संतापलेली पण होती. तिने हात पुढे केला. एल्डननी खिसा चाचपून किल्ली काढली आणि तिच्या तळहातावर ठेवायला गेले, थोडी बाजूला पडली. जूनीने टेबलाखाली जाऊन उचलून दिली.

लिंडग्रेन कॅलेंडरकडे पाठ करून उभे होते. मग शर्टाच्या खिशातून घड्याळाच्या दुकानातल्या पावतीचं चिठोरं काढलं, जूनीसमोर बसले, त्या चिमुकल्या खुर्चीत गुडघे हनुवटीशी. म्हणाले, "माझा चष्मा ऑफिसातल्या टेबलावर राहिला, जूनी. मला खरंच वाचता येत नाहीये हे. घड्याळ न्यायला कधी बोलावलंय?"

तिने त्यांच्या नाकाकडे बघितलं. चष्मा खरंच नव्हता. चिठोरं हातात घेतलं.

"सतरा," म्हणाली. "उद्या नाही."

मी सबंध बैठकीत एक शब्द बोलले नाही. ऑड्राला उद्या सांगेन.


१४ मार्च

क्रिस्टाचा फोन. वडिलांना कर्नीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेऊन आली. मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. काढता येतो.

"डॉक्टर म्हणाले, इतके दिवस काय करत होतात? तर म्हणतात, मला वाटलं आंधळाच होतोय, मग पैसे कशाला घालवा. त्यांच्या वडिलांचे डोळे असेच गेले म्हणे. कोणाला विचारलंही नाही या माणसाने." ती हसत होती आणि नाक ओढत होती. "महिनाभर नुसतं 'तक्रार केलीस का' विचारत बसण्यापेक्षा एकदा डॉक्टरला विचारलं असतं तर?"

मी म्हटलं, "मग मला लिलाव कोणी दाखवला असता?"

इतकी वर्षं मुलांचं निरीक्षण केलेली बाई मी. चाचपलेला कप बघितला आणि व्यवस्थितपणा म्हटलं.


२६ मार्च

अहवाल गेला. शाळेने नियम मोडला, असं सरळ लिहिलं. जूनीचा दिवस आता इतरांइतकाच. सोबत प्रशिक्षित माणूस. बुडालेल्या दुपारींची भरपाई म्हणून जादा शिकवणी, ती कधी आणि कशी हे क्रिस्टाशी बसून ठरवायचं. बसचं वाक्य ऑड्राने खरंच खोडलं नाही.

लिंडग्रेनचा फोन आला. आवाज जरा घट्ट. "अहवाल कडक आहे, लव्हॉन."

"हो."

"कायलाचं नाव नाही त्यात. त्याबद्दल आभार मानत होतो." मग म्हणाले, "ती जाहिरात मी मदतनीस गेली तेव्हा एकदाच दिली होती. परत दिली नव्हती. अर्ध्या दिवसावर सगळं सुरळीत चाललं होतं, म्हणून."

"तसं मला वाटलंच होतं."

"आता दिली आहे. माणूस मिळेपर्यंत दुपारी मी स्वतः बसतो तिच्याबरोबर. चालतं ना ते? कायला मला शिकवते आहे, कसं करायचं ते. मी फार बोलतो, म्हणते ती."

चालतं, म्हटलं. बाकीच्या बाबतीत मी कायलाशी सहमत आहे, हे म्हटलं नाही.


१० एप्रिल

एल्डननी स्वतः फोन केला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं पुढच्या महिन्यात.

"सरकारबाई, क्रिस्टाचे केस पिकलेत. मला कोणी सांगितलं नव्हतं."

"सांगायचं नसतं ते, एल्डन. तिला म्हणालात की काय?"

"म्हणालो. दोन दिवस बोलत नाहीये."

दुपारी काय करता, विचारलं. म्हणाले, "पहिला आठवडा कठीण गेला. साडेबारा वाजले की उठून कोट घालायचो. मग काढून ठेवायचो." आता शेजारच्या माणसाबरोबर गुरुवारी लिलावाला जातात. पाटी स्वतः वाचतात. "मजा नाही त्यात तेवढी. तो शेजारी गुरांचं काही सांगतच नाही, राजकारण बोलतो." पण उन्हाळ्याची सुट्टी आहेच. शाळेलाही तेव्हा काही करता येणार नाही, हे त्यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं.

लिंडग्रेनना जूनीने दोनदा लिलावात विकलं म्हणे, सबंध वर्गासमोर. पहिल्यांदा कोणी बोलीच लावली नाही.


६ मे

हार्लो बेंडला फेरतपासणी. अहवालात सांगितलेलं होतंय की नाही ते बघायचं, म्हणून मुद्दाम दुपारी पोचले. हवा मऊ होती, शाळेची सगळी दारं उघडी.

मदतनीस मिळाली आहे, शेजारच्या गावातली, महिनाभर झाला. तरी लिंडग्रेन दुपारी एक चक्कर मारतात. आजही मला थेट वर्गाकडे घेऊन गेले. कुठलीही इमारत दाखवली नाही.

विज्ञानाचा तास. मागच्या टेबलावर अंडी उबवायची काचेची पेटी, आणि तिच्याभोवती मुलांचं कोंडाळं. एका अंड्याला तडा गेला होता. कायला आणि नव्या बाई दोघीही मागे उभ्या. जूनीचं तोंड काचेला टेकलेलं, काचेवर वाफ. शेजारच्या मुलीने हळूच विचारलं, "जूनी, किती झालंय?" तिच्या जागेवरून उष्णतामापक दिसत नव्हता.

"नव्याण्णव," जूनी म्हणाली. "बरोबर आहे."

लिंडग्रेननी दारातून मान आत घातली. "जूनी, बघ कोण आलंय. लव्हॉन आल्या आहेत, लिंकनहून, तुला बघायला."

तिने मागे वळून बघितलं नाही. एक हात फक्त वर केला, थांबा म्हणून, रहदारीच्या पोलिसासारखा.

"आत्ता नाही," म्हणाली. "आम्ही कामात आहोत."

लिंडग्रेन ओशाळले. "माफ करा हं. साडेतीनला सुटेल ती."

"थांबते की," मी म्हटलं, आणि दार हळूच ओढून घेतलं.